बावची, कोड आणि ऊन

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परळी तालुक्यात सिरसाळा लागते. भोवती काळी जमीन आणि फेब्रुवारीपासून तापायला लागणारे आभाळ. पावसाळा सरताना या भागातल्या बांधांवर आणि पडीक रानात जी तणे माजतात त्यांत एक बावची. गोलसर दातेरी पाने, बारीक जांभळट फुलांचे गुच्छ आणि मग काळी, चपटी, उग्र वासाची फळे. प्रत्येक फळात एकच बी. शेतकरी ती उपटून टाकतो. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र हीच बी पुडीत बांधून मिळते आणि घेणारा सहसा आजूबाजूला पाहून घेतो. कारण बावची मागणाऱ्याच्या घरात कोणाला तरी कोड आहे, हे दुकानदाराला न सांगता कळते.

तीस-बत्तीस मैलांच्या आत या भागाची वैद्यकाशी नाती बरीच आहेत. परळीच्या ज्योतिर्लिंगाचे नावच वैद्यनाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने याच लिंगात दडवले, अशी तिथली दंतकथा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे वैद्याच्या जोडीला हकीमही होता. वैद्याची बावची ती हकिमाची बाबची, आणि वैद्याचे श्वित्र ते हकिमाचे बर्स. आजही हैदराबादच्या युनानी संशोधन संस्थेची मोठी ओळख बर्सच्या उपचारासाठीच आहे. म्हणजे दोन परंपरा एकाच बीवर येऊन थांबल्या. या बीचा इतिहास सांगताना आपण नेहमी एक गोष्ट अर्धवट सांगतो. बीचे कौतुक होते, आणि तिच्याबरोबर जे ऊन लिहून दिलेले होते ते गळून जाते. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाने दाखवले ते असे की औषधाचे निम्म्याहून अधिक काम ते ऊनच करते, आणि ते करते आपल्या प्रतिकारशक्तीवर.

आधी शब्दाचे पाहू. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाचीच प्राकृतातून झिजत आलेली लेक. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे महारोग. मराठीत मात्र तो शब्द सरकत सरकत पांढऱ्या डागांवर येऊन बसला. जिथे मराठी, दखनी आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात तिथे या सरकण्याने किती घोटाळा केला असेल याची कल्पना करावी. एक जंतूंमुळे होणारा आजार, ज्यात डागावरची संवेदना जाते. दुसरा कोणालाही न लागणारा, ज्यात रंगाखेरीज काहीच जात नाही. नाव मात्र एकच. प्राचीन वैद्यांचा हा घोटाळा झाला नव्हता, हे विशेष. सुश्रुतसंहितेत कुष्ठ आणि किलास यांतला फरक स्वच्छ सांगितला आहे: किलास फक्त त्वचेत असते आणि ते स्रवत नाही.

पण फरक कळणे आणि वागणे या दोन गोष्टी. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळांत सोयरीक करू नये याची यादी आहे. तीत श्वित्र असलेले कूळ आणि कुष्ठ असलेले कूळ अशी दोन्ही वेगवेगळी मोजून वर्ज्य केली आहेत. महाभारतात शंतनूचा थोरला भाऊ देवापी त्वग्दोषामुळे राज्याला मुकतो. प्रजेला तो प्रिय होता, बापालाही हवा होता, तरीही. खुद्द चरकसंहितेत किलासाची कारणे देताना विरुद्ध आहाराबरोबर खोटे बोलणे, कृतघ्नपणा, गुरू-देवांची निंदा आणि पूर्वजन्मीचे पाप हीही दिली आहेत. दूध आणि मासे एकत्र खाल्ले म्हणून कोड आले, हे आजही घरोघर ऐकू येते ते त्या विरुद्ध आहाराचे शेपूट. पापाचे शेपूट कोणी उघड बोलत नाही, पण मुलीचे स्थळ मोडते तेव्हा ते तिथेच असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट २००६ चा. कोड असलेल्या डॉक्टर मुलीच्या लग्नाभोवती तो फिरतो. मनुस्मृतीपासून तिथवर फार अंतर पडलेले नाही.

आता औषधाकडे. कोडावरील कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात इतिहासाचा पहिला परिच्छेद बहुधा अथर्ववेदाने सुरू होतो. टॉमस फिट्झपॅट्रिक आणि भारतीय वंशाचे प्रकाशजीवशास्त्रज्ञ मधु पाठक यांनी १९५९ साली या औषधांच्या इतिहासावर निबंध लिहिला. त्याने ही प्रथा पक्की केली असावी. आपल्याकडच्या लेखांत ती आणखी फुगते: अथर्ववेदाच्या ऋषींना बावची आणि अतिनील किरणांचा उपचार ठाऊक होता, इथपर्यंत. मूळ सूक्त काढून पाहिले की हा फुगा टिकत नाही. पहिल्या कांडातल्या तेविसाव्या सूक्तात किलास आणि पिकलेले केस यांना रंग दे, अशी रात्री जन्मलेल्या काळ्या वनस्पतीला प्रार्थना आहे. काळ्याने पांढऱ्याला काळे करावे, असा हा विचार. सूर्याचा उल्लेख नाही. बावचीचे नावही नाही. सायणभाष्यात या वनस्पतींची ओळख देताना माका, हळद, इंद्रवारुणी, निळी अशी नावे येतात. गंमत अशी की अलीकडच्याच बाविसाव्या सूक्तात सूर्य आहे, पण तो काविळीचा पिवळेपणा घेऊन जाण्यासाठी. ऊन आणि कोड शेजारच्या ओळींत येऊन एकमेकांना भेटले नाहीत.

ते भेटतात चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात. तिथली कृती अशी. रोग्याला आधी स्नेहन करावे. मग मलपूचा, म्हणजे काळ्या उंबराचा, रस गुळाबरोबर रेचक म्हणून द्यावा आणि त्याने अंगाला सोसेल तितके ऊन घ्यावे. तीन दिवस तहान लागेल तशी पेज प्यावी. डागांवर फोड येतील ते काट्याने फोडावेत. हा उतारा ज्याने पहिल्यांदा लिहिला त्याने रोग्याजवळ बसून पाहिले होते, यात मला शंका वाटत नाही. फोड नुसत्या उन्हाने येत नाहीत. आपल्याकडचा शेतमजूर जन्मभर उन्हात असतो. ते त्या रसाने आणि उन्हाने मिळून येतात. उंबर हा अंजिराच्या कुळातला, आणि अंजिराच्या पानांतून १९३६ साली जपानमध्ये जे द्रव्य वेगळे काढले गेले ते बावचीतल्या द्रव्याशी एकच निघाले. चरकाच्या वैद्याने बावचीला हात न लावताही नेमके तेच रसायन उन्हात नेले होते. बावची त्याच परंपरेत पुढे ठळक होते. गोमूत्रात वाटलेला तिच्या बियांचा लेप, पोटातून चूर्ण, आणि भावप्रकाशासारख्या निघंटूंत नावांची मालिका: सोमराजी, अवल्गुज, कृष्णफला, पूतिफली, कुष्ठघ्नी.

पण मला या ग्रंथांतला सर्वांत भारी भाग औषधाचा वाटत नाही, तो वाटतो हात आखडण्याचा. कोणते कोड बरे होणार नाही हे ते आधीच सांगतात. फार वर्षांचे, डाग एकमेकांत मिसळलेले, आणि ज्यावरचे केस बदललेले ते सोडून द्यावे. वाग्भटाने अष्टांगहृदयात भर घातली: गुह्यांग, तळहात आणि ओठ यांवरचे कोड नवे असले तरी वैद्याने हाती घेऊ नये. दीड हजार वर्षे हे नियम पाठ होत राहिले, कारण कोणी सांगितले नाही. कारण विसाव्या शतकात कळले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी डागातून नाहीशा झाल्या तरी त्यांचा राखीव साठा केसाच्या मुळाशी उरतो. उपचार लागू पडला की रंग आधी केसांभोवती राईएवढ्या ठिपक्यांत उगवतो आणि ठिपके पसरत जाऊन डाग भरतो. केसच पांढरा झाला तर साठा संपला. तळहाताला आणि ओठाला केसच नाहीत, म्हणून तिथे परत यायला कोणी उरलेले नाही. आजचा त्वचारोगतज्ज्ञही रोग्याच्या डागावरचा केस आधी भिंगातून पाहतो.

ही विद्या आपल्याच अंगणात होती असे मात्र नाही. तेराव्या शतकात मालागाहून निघून पूर्वेकडे गेलेला वनस्पतिज्ञ इब्न अल-बैतार याने अत्रिलाल या बीची हीच कृती दिली आहे: बी मधातून घ्यायचे आणि डाग उन्हात उघडा ठेवून बसायचे. उत्तर आफ्रिकेतल्या एका बर्बर टोळीचे ते गुपित होते, असे तो म्हणतो. नाईलच्या खोऱ्यात उगवणारे हे झाड ओव्याच्या कुळातले, बावचीशी त्याचे काही नाते नाही. दोन समाजांनी दोन वेगळ्या झाडांत एकच रसायन हुडकले आणि दोघांनीही त्याला ऊन जोडले.

मग ऊन गळाले कुठे? माझ्या मते गळती एकोणिसाव्या शतकात लागली, जेव्हा देशी औषधे बाटलीत भरायला सुरुवात झाली. तो काळच देशी झाडांतून गुण शोधण्याचा. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठीच्या तेलाचे महारोगावर प्रयोग करत होते. १८८१ साली कलकत्त्याच्या कनाईलाल डे यांनी बावचीच्या बियांच्या तेलकट अर्काची कोडावरची हकीकत लंडनच्या औषधविज्ञानाच्या पत्रात दिली. मुंबईचे विल्यम डायमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात तिचा सारांश सापडतो. लेप लावल्यावर काही दिवसांनी डाग लाल होतो, थोडे दुखते, बारीक पुटकुळ्या येतात आणि त्या सुकल्या की मागे काळा ठिपका उरतो. आज वाचणाऱ्याला या ओळींत ऊन लख्ख दिसते, पण कृती सारी अर्काची आहे. कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी १९२० च्या दशकात बावचीची छाननी केली, तीही तिच्यातल्या तेलाच्या अंगाने. १९३३ साली म्हैसूर संस्थानातल्या जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या रसायनशास्त्रज्ञांनी बियांतून शुद्ध द्रव्य वेगळे केले. झाडाच्या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव पडले सोरालेन. ते प्रकाशात चेततात, हे या वर्गातल्या द्रव्यांबद्दल पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये हान्स कुस्के यांनी दाखवले. आणि रोग्यावर दोन्ही पुन्हा एकत्र आणली कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी. इब्न अल-बैतारच्या बीतून काढलेले शुद्ध द्रव्य पोटात देऊन त्यांनी रोग्यांना उन्हात बसवले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले.

इथून पुढची वाट १९७४ या सालाशी येते. त्या साली जॉन पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि पाठक यांनी बोस्टनमध्ये सोरालेन आणि दिव्यातले लांब लहरींचे अतिनील किरण वापरून सोरायसिस आटोक्यात आणला. या उपचाराला पुवा म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकेतच मार्गारेट क्रिपके उंदरांवरचा एक विचित्र निकाल छापत होत्या. (आमच्याकडे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेही १९७४ सालीच, योगायोग, पण लक्षात राहणारा.)

क्रिपके यांचा निकाल असा. अतिनील किरणांनी उंदराच्या कातडीवर गाठ उठवली आणि ती त्याच जातकुळीच्या निरोगी उंदरात रोवली, तर तो उंदीर ती परकी म्हणून बाहेर टाकतो. मग ती ज्या उंदरात उठली त्याने ती का टाकली नाही? पुढच्या प्रयोगांत उत्तर आले. किरण दिलेल्या उंदरात परकी गाठ रोवली तरी ती वाढते. म्हणजे किरणांनी गाठ तर उठवलीच, शिवाय तिला हुसकावणारा पहारेकरीही झोपवला. आणि ही झोप नुसत्या त्या जागेपुरती नव्हती. अशा उंदराच्या पेशी दुसऱ्या उंदरात सोडल्या की तोही त्या गाठीपुरता स्वस्थ बसायचा. किरण तर कातडीच्या पलीकडे फारसे जातच नाहीत. मग हुकूम आत पोचवतो कोण?

एक धागा १९८० मध्ये सापडला: त्वचेत जाळे विणून बसलेल्या आणि परक्याची वर्दी देणाऱ्या लँगरहान्स पेशी किरणांनी विरळ होतात. दुसरा १९८३ मध्ये एडवर्ड डी फॅबो आणि फ्रान्सिस नूनन यांनी दाखवला. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात युरोकॅनिक आम्ल असते. आखूड लहरींचा अतिनील किरण पडला की त्याचा रेणू वळण बदलतो, आणि बदललेला रेणू प्रतिकारशक्तीला आवर घालतो. त्वचेच्या पेशींतल्या गुणसूत्रांना झालेली इजा हा तिसरा धागा. तिथून निघणारे रासायनिक निरोप आवर घालणाऱ्या लिम्फ पेशींना पुढे करतात. ज्याच्या ओठावर दर उन्हाळ्यात तापाचे फोड उठतात त्याने हा परिणाम अंगावर पाहिला आहे. नागिणीच्या जातीचा एक विषाणू मज्जातंतूत दबून बसलेला असतो, उन्हाने पहारा सैल केला की तो वर येतो. आपल्या सावळ्या कातडीला याची भीती नाही, असे समजायचे कारण नाही. मायामीत १९९१ मध्ये झालेल्या अभ्यासात गडद वर्णाच्या माणसांतही हा परिणाम दिसला. सावळेपणाने कर्करोगाचा धोका पुष्कळ कमी होतो, पण पहारेकऱ्याची झोप तितकी टळत नाही.

एवढे हाती आल्यावर कोडाचे कोडे निराळ्या बाजूने सुटू लागले. कोडात रंगपेशी आपोआप मरत नाहीत. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी त्यांना परक्या समजून मारतात. याचा एक पुरावा उलट्या दिशेने आला. रंगपेशींच्या कर्करोगावर प्रतिकारशक्ती चेतवणारे उपचार दिले की काही रोग्यांना कोड उठते, आणि ज्यांना ते उठते त्यांचा कर्करोगाशी सामना सहसा चांगला जातो. जी फौज गाठीवर धावते तीच निरोगी रंगपेशींवरही. २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी मान्य झालेले रुक्सोलिटिनिब हे मलम या फौजेचे निरोप तोडण्याचेच काम करते.

तेव्हा सोसेल तितके ऊन घेणाऱ्या चरकाच्या रोग्याच्या कातडीत काय चालले असावे? सोरालेन पेशीच्या गुणसूत्राच्या दोन धाग्यांमध्ये शिरून बसते. अंधारात ते निरुपद्रवी असते. ऊन पडले की ते दोन्ही धागे टाके घालून शिवते. अशी पेशी वाढू शकत नाही. त्वचेत हल्ला करणाऱ्या टी पेशी याला पहिल्या बळी पडतात. हल्ला थंडावतो, आणि त्याच वेळी केसाच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशींना वर यायची हाक जाते. बीने फक्त दार उघडे ठेवले, आत गेले ते ऊन. आणि ते पहारेकऱ्याला झोपवते म्हणूनच उपयोगी पडते. क्रिपके यांच्या उंदरात गाठ वाढू देणारा आणि कोड भरून काढणारा गुण एकाच घराण्यातला. पुवा घेणाऱ्या गोऱ्या रोग्यांत त्वचेचा कर्करोग वाढतो, हे १९७९ पासून छापून येत गेले. सावळ्या त्वचेत ही भीती बरीच कमी निघाली. पुढे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्याचे दिवे आले. १९९७ मध्ये नेदरलँड्समधून त्यांचा कोडावरचा निकाल आला, आणि त्यांना सोरालेनची गरजच नव्हती. बी सुटली, प्रकाश राहिला.

इतिहास इथवर आला की सिरसाळ्याकडे परत पाहावे लागते. या अरुंद पट्ट्याच्या उपचाराला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रासमोर उभे राहावे लागते, आणि तेही महिनोन्महिने, कधी वर्षभर. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कुटुंब दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते ते पाडव्याच्या सुमारास परतते. त्या घरातल्या मुलीला यंत्र कोणत्या गावी भेटणार? म्हणून भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिव्याऐवजी सूर्यच वापरायची रीत बसवली. तिला पुवासोल म्हणतात. सोरालेनची गोळी घ्यायची, दोनेक तासांनी डाग उन्हात धरायचा, एक दिवसाआड. सुरुवात काही मिनिटांनी, आणि डागावर हलकी गुलाबी छटा येईपर्यंत हळूहळू वाढ. दिवसभर डोळ्यांना काळा चश्मा. एकोणीस अंशांच्या अक्षांशावर सूर्य फुकट आहे आणि मुबलक आहे. अडचण त्याच मुबलकपणाची. दिव्याची मात्रा यंत्र मोजते, उन्हाची कोणी मोजायची?

बाजारातल्या पुडीचे मोजमाप तर त्याहून अवघड. एका बीत सोरालेन किती, हे पीक, माती, साठवण यांवर ठरते. कोणी लेप रात्री लावून सकाळी धुऊन टाकतो, मग महिनाभर काही होत नाही. कोणी लेप लावूनच फडात जातो आणि संध्याकाळी हातभर फोड घेऊन येतो. भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकते, कारण जखम झाली की तिथे नवा हल्ला सुरू होतो. पोटातून मनाने घेतलेल्या बावचीने काविळीसारखी यकृताची दुखणी झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य निदान या झाडापुरते तरी आपण बोलू नये.

चरकसंहितेतल्या त्या कृतीत एक शब्द आहे, यथाबल. अंगाच्या बळाप्रमाणे ऊन. पुडीवर छापलेल्या कागदात बीचे वजन असते, गोमूत्र किंवा तेल किती हे असते. तो शब्द नसतो. फडावरची मुलगी उजाडल्यापासून उन्हात असते, डोक्यावर मोळी, डाग फुलबाहीच्या सदऱ्याखाली झाकलेला. दिवसाचे आठ-दहा तास ऊन तिच्या अंगावर पडते, आणि नेमक्या त्या चार बोटांच्या जागेवर, जिथे ते मोजून दहा मिनिटे हवे होते, तिथे लोक पाहतील म्हणून पडत नाही.